मुरलेला हात की कोवळा हात? फँटसी बेसबॉलमध्ये पिचर कसा निवडावा

नाशिकहून न्यू जर्सीला आल्यावर तिसऱ्या वर्षी ऑफिसातल्या मंडळींनी मला त्यांच्या फँटसी बेसबॉल लीगमध्ये घेतलं. बारा जणांची लीग. बाकी अकरा जण लहानपणापासून बेसबॉल बघत आलेले, मी क्रिकेटवर वाढलेली. बॅटर निवडणं मला लवकर जमलं, कारण बॅटर रोज खेळतो आणि त्याचे आकडे पटापट साचतात. घोडं अडलं ते पिचरांपाशी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांपाशी. यादीत एकीकडे चाळिशीला टेकलेले, सगळी बक्षिसं मिळवून झालेले पिचर, दुसरीकडे एकवीस-बावीस वर्षांची पोरं, ज्यांच्याविषयी सगळे भरभरून बोलतात पण ज्यांनी मोठ्या मैदानावर जेमतेम दहा सामने टाकलेत. घ्यायचा कोणाला?

२०२३ मध्ये मी दोन म्हातारे पिचर चढ्या भावाने घेतले. २०२४ मध्ये त्याचा धसका घेऊन तीन कोवळी पोरं घेतली. दोन्ही वर्षी पिचिंगच्या रकान्यांत मी तळाला होते. त्यानंतर एक वही केली, प्रश्न ठरवले, आणि गेल्या दोन ड्राफ्टना (हंगामाआधी खेळाडू वाटून घ्यायच्या बैठकांना) त्या वहीबाहेर गेले नाही. ती पद्धत खाली देते आहे. पहिल्याच ड्राफ्टला बसणाऱ्याने निदान माझी दोन वर्षं वाचवावीत, एवढीच इच्छा.

अगदीच नव्यांसाठी दोन ओळी. एमएलबीचा, म्हणजे मेजर लीग बेसबॉलचा, संघ हंगामात १६२ सामने खेळतो. सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरला स्टार्टर म्हणतात. असे साधारण पाच जण आळीपाळीने येतात, म्हणून धडधाकट स्टार्टरच्या वाट्याला तीस-बत्तीस सामने येतात. फँटसीत तुम्ही खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बनवता आणि त्यांचे खरे आकडे तुमच्या खात्यात जमा होतात.

१. आधी लीगचे नियम स्वतःच्या हाताने लिहून काढा

बहुतेक लीगमध्ये पिचिंगचे पाच रकाने असतात: विजय, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद), सेव्ह (शेवटी येऊन थोडक्यातली आघाडी राखणं), ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेले रन; इनिंग म्हणजे तीन बॅटर बाद होईपर्यंतचा डाव) आणि व्हिप (दर इनिंगमागे दिलेले वॉक, म्हणजे चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट दिलेला बेस, आणि हिट, म्हणजे चेंडू मारून बॅटरने गाठलेला बेस). काही ठिकाणी विजयाऐवजी ‘क्वालिटी स्टार्ट’ मोजतात. त्यासाठी पिचरला किमान सहा इनिंग टाकाव्या लागतात आणि तीनपेक्षा जास्त रन देऊन चालत नाही.

हा फरक साधा वाटतो, पण म्हातारा की पोर या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. संघ पोरांना जपून वापरतात. पाचव्या इनिंगमध्ये नव्वदाच्या आसपास चेंडू झाले की मॅनेजर डगआउटमधून बाहेर येतो. क्वालिटी स्टार्टच्या लीगमध्ये असा पोरगा उत्तम टाकूनही रिकाम्या हाताने परततो. उलट स्ट्राइकआउटला जास्त गुण देणाऱ्या लीगमध्ये तोच सोनं ठरतो.

आणखी तीन गोष्टी लिहून ठेवा. खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखता येतात का? आयएलच्या, म्हणजे जखमींच्या जागा किती? बेंच, म्हणजे राखीव खेळाडूंची जागा, किती जणांचं? राखता येत असतील तर पोरांचं वजन आपोआप वाढतं. आयएलच्या जागा तीन-चार असतील तर म्हाताऱ्याची पाठदुखी तुम्हाला परवडते. एकच असेल तर नाही परवडत.

२. हाताशी काय ठेवायचं

- लीगच्या नियमांचा कागद
- बेसबॉल सॅव्हंट: एमएलबीची स्वतःची मोफत साइट. प्रत्येक चेंडूचा वेग आणि प्रकार इथे मिळतो. २०१५ पासून सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट या यंत्रणेने ही मोजणी होते
- फॅनग्राफ्स: स्ट्राइकआउट आणि वॉकचे टक्के इथे पटकन दिसतात
- बेसबॉल रेफरन्स: जुन्या हंगामांच्या आणि मायनर लीगमधल्या (एमएलबीच्या खालच्या स्तरांवरच्या) इनिंगसाठी
- ज्या साइटवर लीग आहे तिची ड्राफ्टची क्रमवारी, म्हणजे लोक कोणाला कितव्या फेरीत उचलतात त्याची यादी
- एक वही. पिचरमागे एक पान, पानावर चार ओळी: स्ट्राइकआउट-वॉक, वेग, इनिंग, किंमत

पैसे देऊन घ्यायच्या याद्या पहिल्या वर्षी घेऊ नका. त्यांत निष्कर्ष असतो, पण तो कुठून आला ते कळत नाही, आणि ड्राफ्टच्या रात्री तेच कळणं गरजेचं असतं.

३. ईआरए झाका, स्ट्राइकआउट आणि वॉक बघा

नवखा माणूस आधी ईआरए बघतो. मीही तेच करायचे. थोड्या इनिंगमध्ये हा आकडा किती हलतो ते एकदा स्वतः मांडून बघा. एखाद्या पोराने ३० इनिंग टाकल्यात. त्यातल्या एका इनिंगमध्ये त्याने ४ रन दिले, तर त्या एकट्या इनिंगने त्याचा ईआरए १.२० ने वाढतो. तेच ४ रन १८० इनिंग टाकणाऱ्याने दिले तर फरक ०.२० चा. म्हणजे पोराचा ईआरए २.७० आहे की ३.९०, हे कधीकधी एका संध्याकाळी दोन चेंडू कुठे पडले त्यावर ठरलेलं असतं.

व्होरॉस मॅक्रॅकन या अभ्यासकाने २००१ मध्ये दाखवून दिलं की मैदानात मारलेला चेंडू हिट होतो की झेल, हे पिचरच्या हातात लोकांना वाटतं त्यापेक्षा फार कमी असतं. असे साधारण दहापैकी तीन चेंडू हिट होतात, पिचर कोणीही असो. पिचरच्या हातात खरं काय असतं? बॅटरला स्ट्राइकआउट करणं, त्याला फुकट बेस न देणं, आणि होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) टाळणं.

म्हणून मी स्ट्राइकआउटच्या टक्क्यांतून वॉकचे टक्के वजा करते. एमएलबीत अलीकडे साधारण २२ टक्के बॅटर स्ट्राइकआउट होतात आणि ८ टक्क्यांना वॉक मिळतो, म्हणजे वजाबाकी १४ च्या आसपास येते. २० च्या वर असेल तर वय न बघता पान उघडायचं. १० च्या खाली असेल तर नाव कितीही मोठं असो, पान बंद.

हा आकडा म्हाताऱ्यांच्या बाबतीत धोक्याची घंटा आधी वाजवतो. जस्टिन व्हर्लँडरचं उदाहरण मी प्रत्येक नव्या माणसाला देते. २०२२ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्याने १७५ इनिंगमध्ये १८५ बॅटर स्ट्राइकआउट केले. ईआरए १.७५. २०२३ मध्ये १६२ इनिंगमध्ये १४४ स्ट्राइकआउट, ईआरए ३.२२. लोक म्हणाले, चाळिशीत ३.२२ म्हणजे उत्तमच. पण दर नऊ इनिंगमागचे स्ट्राइकआउट साडेनऊवरून आठवर आले होते. एका वर्षात एवढी घसरण हीच खरी बातमी होती. २०२४ मध्ये ईआरए ५.४८ झाला.

आणि तरीही माणूस संपला नव्हता. २०२५ मध्ये ४२ व्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोकडून त्याने १५२ इनिंग टाकल्या, ईआरए ३.८५. घंटा वाजली म्हणजे त्या भावाने घेऊ नका, इतकाच अर्थ. कायमची फुली मारायचं कारण नाही.

४. म्हाताऱ्याचा वेग कुठून कुठे आला ते बघा

झहीर खानची कारकीर्द आठवते ना? श्रीरामपूरचा हा पठ्ठ्या सुरुवातीला वेगावर टाकायचा. पुढे वेग आणि रनअप दोन्ही कमी केले आणि जास्त धोकादायक झाला. पिचरमध्येही असे असतात. जेमी मॉयरचा फास्टबॉल कधीच फारसा फास्ट नव्हता. एप्रिल २०१२ मध्ये कोलोरॅडो रॉकीजसाठी त्याने ४९ व्या वर्षी सामना जिंकला. एमएलबीत सामना जिंकणारा सर्वांत वयस्कर पिचर तोच. वेग कमी झाला की माणूस संपला, असं सरसकट नसतं.

पण ज्याची सगळी कारकीर्द वेगावर उभी आहे त्याचा वेग पडला, तर त्याने बदल्यात काय शिकलंय ते तपासावं लागतं. सॅव्हंटवर त्याच्या पानावर चेंडूंच्या प्रकारांचे टक्के असतात. फास्टबॉल कमी करून स्लायडर, कर्व्ह (वळणारे चेंडू) किंवा चेंजअप (मुद्दाम मंद टाकलेला चेंडू) वाढवलाय का? वाढवला असेल आणि वॉक वाढले नसतील, तर माणूस अजून शिकतोय. वेग पडलाय आणि फास्टबॉल तेवढाच टाकतोय, तर पुढच्या हंगामात होमरन मोजत बसायची तयारी ठेवा.

दोन हंगामांपूर्वी मार्चमध्ये फ्लोरिडात सरावाचे सामने बघायला गेले होते. तिथे बुलपेनच्या, म्हणजे पिचर हात गरम करतात त्या जागेच्या, जाळीपासून चार पावलांवर उभं राहता येतं. एका मुरलेल्या पिचरने बाहेरच्या कोपऱ्यावर सलग दहा-बारा चेंडू टाकले. कॅचरचा (यष्टिरक्षकासारखा मागे बसून चेंडू झेलणाऱ्याचा) मिट, म्हणजे हातमोजा, जागचा हलला नाही, चामड्याचा आवाजही मवाळ, जणू कोणी उशीवर थाप मारतंय. त्याच्यानंतर बावीसेक वर्षांचा पोरगा आला. पहिल्या चेंडूला असा फटाका वाजला की जाळीपाशी गप्पा मारणारे सगळे वळून बघायला लागले. मीही वळले. पण नंतर कॅचरकडे बघत राहिले. एकदा तो डावीकडे झेपावला, एकदा जमिनीवरून चेंडू उचलला, एकदा उठून उभाच राहिला. आवाजाने माणूस भुलतो. तेव्हापासून पोरांचा व्हिडिओ बघताना मी पिचरकडे बघतच नाही. कॅचरचा मिट कुठे मांडला होता आणि चेंडू कुठे आला, एवढंच बघते.

एक सापळा: पिचर एखाद-दोन रकान्यांनाच मदत करतोय की सगळ्यांना? क्लेटन कर्शॉने २०२५ मध्ये, निवृत्तीच्या हंगामात, ११ सामने जिंकले आणि २ हरला. ईआरए ३.३६. सदतिसाव्या वर्षी सुंदर हंगाम. पण ११२ इनिंगमध्ये स्ट्राइकआउट ८४. विजयाचा आणि ईआरएचा रकाना भरला, स्ट्राइकआउटचा रिकामा राहिला. असा पिचर घेताना दुसरा कोणीतरी स्ट्राइकआउट आणणारा हवाच.

५. पोराच्या इनिंग मोजा, मायनर लीग धरून

पोरांच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत इथे होते. लोक ‘हा किती चांगला आहे’ यावर तासभर वाद घालतात. माझा पहिला प्रश्न असतो: याला किती टाकू देतील?

संघ पोरांचा भार पायरीपायरीने वाढवतात. पॉल स्कीन्सचं पान बघा. २०२३ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून आणि नंतर मायनर लीगमध्ये मिळून त्याने सुमारे १२९ इनिंग टाकल्या. २०२४ मध्ये ट्रिपल-ए (मायनर लीगचा सर्वांत वरचा स्तर) आणि पिट्सबर्ग (त्याचा एमएलबी संघ) मिळून सुमारे १६०. २०२५ मध्ये १८७. जिना अगदी स्वच्छ दिसतो. म्हणून गेल्या वर्षीची एकूण बेरीज घ्या, तीत पंचवीस-तीस मिळवा, आणि त्याच्या वर काही मिळेल अशी आशा ठेवू नका. गेल्या वर्षी ८० इनिंग टाकलेल्या पोराकडून १७० ची अपेक्षा धरून भाव देणं म्हणजे बाजारात तुरी असताना घरात भांडण.

मर्यादा किती कडक असू शकते हे वॉशिंग्टनने २०१२ मध्ये दाखवलं. स्टीफन स्ट्रासबर्ग कोपराच्या शस्त्रक्रियेतून परतला होता, १५ सामने जिंकले होते, संघ ९८ विजयांच्या वाटेवर होता. तरी सप्टेंबरमध्ये १५९ इनिंगवर त्याला थांबवलं, आणि प्लेऑफही तो खेळला नाही. फँटसीचा निकाल सप्टेंबरमध्येच लागतो. तेव्हा तुमचा सर्वोत्तम पिचर टोपी घालून डगआउटमध्ये बसलेला असेल तर काय, हा प्रश्न मार्चमध्येच विचारा.

याशिवाय पोरगा वर कधी येतो हेही बघायचं. खेळाडूची एमएलबीत सहा वर्षं सेवा झाली की तो हव्या त्या संघाशी करार करायला मोकळा होतो, आणि एका वर्षाची सेवा म्हणजे १७२ दिवस. त्यामुळे पहिलं वर्ष पूर्ण मोजलं जाऊ नये आणि पोरगा आणखी एक हंगाम हाताशी राहावा, म्हणून काही पोरांना संघ एप्रिलऐवजी मे-जूनमध्ये आणतात. स्कीन्सही ११ मे २०२४ ला आला. तोवर तो तुमच्या बेंचची जागा अडवून बसतो. बेंच लहान असेल तर ही सहा आठवड्यांची भाडेपट्टी महाग पडते.

आणखी एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. पोरगा तीनदा लागोपाठ पिटला गेला तर त्याला सरळ ट्रिपल-एला पाठवता येतं. पाच वर्षं सेवा झालेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय तसं पाठवता येत नाही. म्हणून म्हाताऱ्याला चुकायला वेळ मिळतो, पोराला मिळत नाही.

६. तरुण म्हणजे निरोगी, हा समज काढून टाका

२०२४ मध्ये माझी चूक इथेच झाली. म्हातारे दुखापतीने बसतात म्हणून मी पोरांकडे पळाले होते.

१९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातला तुटलेला अस्थिबंध दुसरीकडचा कंडरा घालून जोडला. तो १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत, ४६ व्या वर्षापर्यंत खेळला. आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते, आणि परतायला साधारण बारा ते अठरा महिने लागतात. ती करून घेणाऱ्यांत पोरं भरपूर आहेत. एमएलबीने डिसेंबर २०२४ मध्ये पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला. त्यात वेग वाढवण्याची धडपड आणि प्रत्येक चेंडू पूर्ण जोर लावून टाकण्याची सवय या गोष्टींकडे बोट दाखवलं आहे. सगळ्यात जोरात कोण टाकतं? तेच, ज्यांना अजून स्वतःला सिद्ध करायचंय.

अटलांटाच्या स्पेन्सर स्ट्रायडरने २०२३ मध्ये २० सामने जिंकले, २८१ स्ट्राइकआउट घेतले. एप्रिल २०२४ मध्ये, दोन सामने टाकून झाल्यावर, कोपराची शस्त्रक्रिया. वय २५. त्याआधीच्या पिढीत शिकागो कब्जचा मार्क प्रायर: २००३ मध्ये बावीस वर्षांचा, १८ विजय, ईआरए २.४३, २४५ स्ट्राइकआउट. २००६ नंतर तो एमएलबीत एकही चेंडू टाकू शकला नाही.

मनाला लावून घेण्यासारख्या गोष्टी आहेत या. पण वहीत नोंद करताना वय लिहून पुढे जायचं नाही. मागच्या तीन वर्षांत कोणत्या अवयवाला काय झालं, ते लिहायचं. म्हाताऱ्याची मांडी किंवा पाठ बहुतेक वेळा काही आठवड्यांत बरी होते. कोपर किंवा खांदा असेल, तर तो पिचर वीस वर्षांचा असो वा चाळीसचा, मी त्याला एक फेरी खाली ढकलते.

७. उरलेल्या इनिंग कोण भरणार, याचा हिशेब करा

माझ्या मते सगळ्या पद्धतीतली ही सर्वांत कामाची पायरी, आणि ती शाळेतल्या सरासरीच्या गणिताएवढी सोपी आहे.

समजा, तुम्हाला एका जागेतून हंगामभरात १८० इनिंग हव्यात. म्हातारा १२० इनिंग टाकेल, ३.६० च्या ईआरएने. उरलेल्या ६० इनिंगसाठी तुम्ही कोणीही न घेतलेल्या पिचरांतून एखादा उचलाल, त्याचा ईआरए धरा ४.५०. दोन्ही मिळून त्या जागेचा ईआरए येतो ३.९०. आता पोरगा: १४० इनिंग, ईआरए ३.७०, आणि उरलेल्या ४० इनिंग त्याच ४.५० वाल्याच्या. एकूण ३.८८.

म्हणजे जवळपास सारखेच. ‘हा चांगला की तो’ यावर अर्धा तास घालवला असता, आणि जागेच्या हिशेबात ईआरएचा फरक ०.०२ चा निघाला. मग निवड कशावर करायची? किमतीवर, आणि स्ट्राइकआउटवर. हा हिशेब मी ड्राफ्टच्या आदल्या रविवारी प्रत्येक पानाच्या खाली पेन्सिलने करते.

एक पथ्य पाळा. अंदाजाच्या इनिंग लिहिताना मनाला बरं वाटेल तो आकडा लिहू नका. म्हाताऱ्यासाठी मागच्या दोन हंगामांची सरासरी, पोरासाठी वर सांगितलेला जिना.

८. किंमत ठरवा, आणि एकाच प्रकारचे दोन धोके घेऊ नका

२०२३ च्या न्यू यॉर्क मेट्सकडे बघा. मॅक्स शर्झर, तीन वर्षांचा करार, १३ कोटी डॉलर. व्हर्लँडर, दोन वर्षांचे सुमारे ८.६७ कोटी. दोघांनाही वर्षाला ४.३ कोटींच्या वर. हंगाम सुरू झाला तेव्हा एक ३८ चा, दुसरा ४०. व्हर्लँडर सुरुवातीलाच जखमी यादीवर गेला आणि मे महिन्यात उतरला. ऑगस्टची पहिली तारीख उलटेपर्यंत दोघेही दुसऱ्या संघांकडे गेले होते, मेट्सचा हंगाम ७५ विजय आणि ८७ पराभवांवर संपला.

गंमत म्हणजे दोघांचे वर्षाचे आकडे वाईट नव्हते. व्हर्लँडर ३.२२, शर्झर ३.७७, दोघांच्याही दीडशेहून जास्त इनिंग. चूक पिचर निवडण्यात नव्हती. सगळा भार एकाच वयाच्या दोन खांद्यांवर, आणि तोही सर्वांत वरच्या भावाने टाकला होता. मीही त्या वर्षी कागदावर हेच केलं होतं. तेव्हा आमच्यात फेऱ्यांऐवजी लिलाव होता. प्रत्येकाला मिळणाऱ्या २६० कागदी डॉलरांपैकी दोन म्हाताऱ्यांवर इतके उधळले की बॅटर एक-एक डॉलरचे घ्यावे लागले.

आता उलट बाजू. २०२२ च्या मार्चमध्ये व्हर्लँडर ३९ वर्षांचा होता, कोपराची शस्त्रक्रिया झालेली, आणि आधीच्या दोन हंगामांत मिळून त्याने फक्त ६ इनिंग टाकल्या होत्या. घेणारे बिचकत होते. त्या हंगामात त्याने साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरला मिळणारा, पुरस्कार मिळवला. २०२२ आणि २०२३ मधला मोठा फरक भावाचा होता: पहिल्या वर्षी भीती किमतीत उतरली होती, दुसऱ्या वर्षी कौतुक.

माझा नियम असा:

- पहिले दोन पिचर २६ ते ३१ या वयातले, मागची दोन वर्षं पूर्ण टाकलेले. नवखे लोक म्हातारा-पोर या वादात मधली ही भक्कम माणसं विसरतातच
- म्हातारा एकच, आणि तोही लोक घेतात त्यापेक्षा एक फेरी उशिरा मिळाला तरच
- पोरं दोन, शेवटच्या फेऱ्यांत. एक एप्रिलपासून वर असलेलं, एक मे-जूनमध्ये येणारं
- राखता येणाऱ्या लीगमध्ये पोरं तीन, म्हातारा शून्य

विजयांच्या रकान्यासाठी किंमत वाढवू नका. स्कीन्सला २०२५ मध्ये साय यंग मिळाला, ईआरए १.९७, आणि विजय-पराभव १०-१०. त्याच वर्षी व्हर्लँडर ४-११. विजय संघाच्या बॅटिंगवर चालतो.

९. ड्राफ्टच्या रात्री

प्रत्येक निवडीला बहुधा नव्वद सेकंद मिळतात. तेवढ्यात साइट उघडून शोधायला गेलात तर घड्याळ तुम्हाला हरवतं. वहीची पानं आधीच किमतीच्या क्रमाने लावा. जेवण आधी उरका.

चॅटमध्ये ‘हा या वर्षी चमकणार’ असं कोणी पोराविषयी लिहिलं की पुढच्या तीन-चार निवडींत सगळे पोरांवर तुटून पडतात. अशा वेळी मी हमखास म्हातारा किंवा मधल्या वयाचा घेते, कारण तेव्हाच तो स्वस्तात मिळतो. तसंच एखादा मोठा म्हातारा गेला की लोकांना बाकीचे म्हातारे आठवतात. तेव्हा पोरं बघा.

भारतातून खेळणाऱ्यांसाठी: न्यू यॉर्कचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेचारला सुरू होतो. रोज संघ बदलायच्या लीगमध्ये झोपण्यापूर्वी स्टार्टर तपासायची सवय लावा. पुण्यात राहणाऱ्या माझ्या मावसभावाने जमत नाही म्हणून आठवड्यातून एकदाच संघ लावायची लीग निवडली, आणि ते शहाणपणाचं ठरलं.

१०. एप्रिल आणि मे: कोणाला सोडायचं, कोणासाठी थांबायचं

दोन खराब सामन्यांवर कोणालाही सोडू नका. पण दोघांसाठी बघायच्या गोष्टी वेगळ्या.

म्हाताऱ्याचा फास्टबॉल या एप्रिलमध्ये किती आहे ते गेल्या एप्रिलशी ताडून बघा. ऑगस्टशी नको, कारण थंडीत सगळ्यांचाच वेग थोडा कमी असतो आणि हवा तापली की वर येतो. एप्रिलला एप्रिलच ताडायचा. ताशी दीड मैलाहून जास्त फरक असेल, आणि तो तीन सामने टिकला, तर विकायला काढा. त्याच्या नावाला अजून गिऱ्हाईक असतं, मेअखेर नसतं. सामन्याच्या आतला वेगही बघा. सॅव्हंटवर प्रत्येक चेंडूसमोर आकडा असतो. पहिल्या इनिंगला ९३, ९४, ९३ आणि पाचव्याला ९०, ९१, ९० असं दिसलं, तर ते थकवा सांगतं, मग पाच इनिंगमध्ये एकही रन दिलेला नसला तरी.

पोराचे वॉक बघा. पिटला गेला पण वॉक दोन-तीनच असतील तर थांबा. बॅटर त्याला ओळखायला लागले आहेत, आता तो काय बदलतो ते बघायचं. चांगला ईआरए आणि सामन्यामागे चार-पाच वॉक असतील तर तो ईआरए टिकणार नाही, तेव्हा कौतुक चालू असतानाच दुसऱ्याच्या गळ्यात घाला. शिवाय तो किती प्रकारचे चेंडू टाकतो ते मोजा. फास्टबॉल आणि स्लायडर या दोनच गोष्टी असतील, तर बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की मार पडतो, आणि मॅनेजरला हे माहीत असल्याने त्याआधीच काढून घेतात. तिसरा चेंडू, बहुधा चेंजअप, दहा-बारा टक्क्यांवर पोचला की वहीत त्या पानावर मी तारखेसह गोल करते. गेल्या मे महिन्यात असे दोन गोल झाले होते. त्यातला एक पोरगा लीगमध्ये कोणीच घेतलेला नव्हता, तो मी त्याच रात्री उचलला आणि त्याच्यासाठी माझा एकुलता एक म्हातारा सोडला.